यंत्र न ओळखणारे प्रोग्रॅम

पडद्यावरच्या पाचव्या ओळीत दहाव्या रकान्यावर कर्सर न्यायचा, एवढेच काम. १९७० च्या दशकात बाजारात आलेल्या तीन टर्मिनलांना ते कसे सांगावे लागे ते पाहू. लिअर सीगलर कंपनीच्या एडीएम-३ए ला चार बाइट पाठवायचे: एस्केप हे नियंत्रक अक्षर, मग बरोबरचे चिन्ह, मग डॉलरचे चिन्ह आणि शेवटी उजवा कंस. डॉलर का, तर मोजणी शून्यापासून केली की पाचव्या ओळीचा क्रमांक ४ येतो, त्यात ३२ मिळवले की ३६, आणि आस्की तक्त्यात ३६ म्हणजे डॉलर. रकान्याचेही तसेच: ९ अधिक ३२ म्हणजे ४१, म्हणजे उजवा कंस. डीईसी कंपनीच्या व्हीटी-५२ ला हाच हिशेब चाले, फक्त बरोबरच्या चिन्हाच्या जागी इंग्रजी वाय लागे. त्याच कंपनीने १९७८ साली काढलेल्या व्हीटी-१०० ला मात्र एस्केप, डावा चौकोनी कंस, मग सरळ आकड्यांत ५, अर्धविराम, १० आणि शेवटी मोठ्या लिपीतला एच असे पाठवावे लागे. हेझलटाइनच्या काही टर्मिनलांची तऱ्हा आणखी निराळी होती. तिथे टिल्ड हे चिन्हच आज्ञेची खूण म्हणून राखून ठेवलेले असल्यामुळे ते पडद्यावर उमटवताच येत नसे.

अशी टर्मिनले बनवणाऱ्या कंपन्या त्या काळात कितीतरी होत्या. ज्याने यांतला एखादा क्रम आपल्या प्रोग्रॅममध्ये थेट लिहून ठेवला, त्याचा प्रोग्रॅम त्या एका यंत्राच्या दावणीला बांधला गेला. या अडचणीतून १९८० च्या सुमारास बर्कलीच्या युनिक्सवर कर्सेस नावाची लायब्ररी तयार झाली. पुढे ती एटी अँड टीच्या युनिक्सवर, डीईसीच्या व्हीएमएसवर, डॉसवर, ओएस/२ वर, विंडोजवर आणि लिनक्सवर गेली. तिच्याहून देखण्या आणि सोयीच्या लायब्ररी नंतर आल्या, आणि त्यांतल्या बहुतेक आपापल्या ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर मागे पडल्या. ही टिकली. ती साधी होती म्हणून टिकली, असे सहसा सांगितले जाते. हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण साध्या लायब्ररीही पुष्कळ होत्या आणि त्यांची आज कुणाला आठवणही नाही. माझे म्हणणे असे की कर्सेसच्या कर्त्यांनी प्रोग्रॅमला यंत्राची ओळखच होऊ द्यायची नाही हा निर्णय अगदी आरंभी घेतला. त्यासाठी त्यांनी यंत्रायंत्रांतला फरक प्रोग्रॅमबाहेर नोंदवून ठेवला, आणि प्रोग्रॅमकडून फक्त हव्या असलेल्या चित्राची मागणी घेतली. हे दोन्ही जिथे शाबूत राहिले तिथे स्थलांतर सुरळीत झाले. जिथे ते रखडले तिथे यंत्राची एखादी सवय प्रोग्रॅममध्ये शिरून बसलेली सापडते.

युनिक्सचे सुरुवातीचे दिवस कागदाचे होते. टेलिटाइप ३३ हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे कागदावर छापत असे, आणि तीही फक्त मोठ्या लिपीतली. केन थॉम्प्सनचा ईडी हा संपादक अशाच यंत्रासाठी घडलेला: एक ओळ मागायची, ती छापून येई, मग तिच्यात काय बदलायचे ते सांगायचे. १९७६ साली एडीएम-३ए हजार डॉलरच्या आत मिळू लागले तेव्हा विद्यापीठांत काचेचे पडदे परवडू लागले. बर्कलीत बिल जॉय व्हीआय हा पूर्ण पडद्यावर चालणारा संपादक लिहीत होता, तो अशाच टर्मिनलवर आणि घरून वापरायच्या ३०० बॉडच्या मोडेमवर. व्हीआयमध्ये कर्सर फिरवायला एच, जे, के आणि एल या कळा लागतात. त्या आजही तशाच आहेत, कारण एडीएम-३ए च्या कीबोर्डवर बाण याच चार कळांवर छापलेले होते. एका यंत्राचा कीबोर्ड जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या बोटांत कायमचा जाऊन बसला. पडद्याच्या बाबतीत तसे झाले नाही, कारण पडद्याची माहिती जॉयने प्रोग्रॅमबाहेर काढली होती. कीबोर्डकडे पुढे पुन्हा यावे लागेल, कारण सगळ्यांत जास्त अडचणी तिथेच आल्या.

१९७८ साली जॉयने टर्मकॅप तयार केले. ती एक साधी मजकुराची फाइल होती. तिच्यात प्रत्येक टर्मिनलची एक नोंद, आणि नोंदीत दोन-दोन अक्षरी खुणा: सीएम म्हणजे कर्सर कुठे न्यायचा ते सांगणारा क्रम, सीएल म्हणजे पडदा पुसण्याचा, सीई म्हणजे ओळीचा उरलेला भाग पुसण्याचा. यंत्रांच्या खोडीही तिथेच लिहिलेल्या असत. हेझलटाइनच्या टिल्डसाठी एचझेड ही वेगळी खूण होती. टेलीव्हिडिओच्या काही टर्मिनलांवर अक्षरे उठावदार करण्याची आज्ञा स्वतःच पडद्यावर एक जागा अडवून बसे. ती जागा किती, हे सांगायला एसजी ही खूण होती. पडदा पुसायला ज्या यंत्राला काही मिलिसेकंद लागत, त्याच्या नोंदीत तेवढा आकडा आज्ञेच्या आधी लिहिलेला असे, म्हणजे तेवढा वेळ निरर्थक अक्षरे पाठवून यंत्राला उसंत द्यायची. एका नोंदीसाठी प्रोग्रॅमने १०२४ बाइटची जागा राखून ठेवायची हा तेव्हाचा दंडक होता. ही व्यवस्था दिसायला सामान्य होती, पण तिने अधिकार कुणाच्या हातात दिला ते बघण्यासारखे आहे. नवे टर्मिनल घेणाऱ्याला व्हीआयच्या मूळ कोडला हात लावावा लागत नसे. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका उघडायची, फाइलमध्ये चार ओळी वाढवायच्या आणि कामाला लागायचे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने जे टर्मिनल आयुष्यात पाहिलेले नसे, त्यावर त्याचा प्रोग्रॅम चालू लागे. ही नोंदवही पुढची कित्येक वर्षे वाढत गेली ती अशा वापरणाऱ्यांच्या हातून.

निर्णयाचा दुसरा भाग केन आर्नोल्डचा. व्हीआयमधले कर्सर हलवण्याचे शहाणपण इतर प्रोग्रॅमांनाही मिळावे म्हणून बर्कलीत त्याने ते वेगळे काढून लायब्ररीचे रूप दिले आणि तिला कर्सेस हे नाव पडले. १९८० च्या बर्कली वितरणात ती आली. तिचा पहिला गाजलेला वापर एका खेळात झाला. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला लिहिलेल्या रोग या खेळात अक्षरांनी रेखाटलेल्या भुयारातून वाट काढायची असे, आणि पुढे बर्कलीत आर्नोल्डनेही त्यावर काम केले. अशा खेळात प्रत्येक कळीला पडद्यावरची दोन-चार अक्षरे बदलतात. ऐंशी रकाने आणि चोवीस ओळी म्हणजे १९२० अक्षरे. ३०० बॉडवर सेकंदाला ३० अक्षरे जातात, म्हणजे पूर्ण पडदा पुन्हा काढायला ६४ सेकंद. १२०० बॉडवरही १६ सेकंद. एका पावलासाठी कुणी एवढे थांबणार नाही. कर्सेसने यावर काढलेला तोडगा असा: प्रोग्रॅमने स्मृतीतल्या एका कल्पित पडद्यावर हवे ते लिहावे, आणि लायब्ररीने खऱ्या पडद्यावर आत्ता काय आहे याची आपली वेगळी प्रत ठेवावी. प्रोग्रॅमने रिफ्रेश म्हटले की दोन्ही प्रती ताडून पाहायच्या आणि फक्त फरक पाठवायचा, तोही कमीत कमी बाइटांत. कर्सर थेट न्यावा, की ओळीच्या आरंभी आणून टॅबने सरकवावा, की एकेक घर मागे घ्यावा, याचा खर्च काढून स्वस्त मार्ग निवडायचा. प्रोग्रॅमला या मार्गाची खबरही नसे. पाचव्या ओळीत दहाव्या रकान्यावर अमुक अक्षर हवे, एवढेच त्याने सांगायचे.

इथे एक रास्त शंका येते. हा सगळा खटाटोप मंद मोडेमसाठी होता. वेग वाढल्यावर आणि टर्मिनलच नाहीसे झाल्यावर त्याचे प्रयोजन संपायला हवे होते. ते संपले का, याची कसोटी १९८१ साली बाजारात आलेल्या आयबीएम पीसीने घेतली. पीसीत टर्मिनल नव्हतेच. पडदा हा स्मृतीचाच एक तुकडा होता: रंगीत कार्डावर प्रत्येक घराला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा, पंचवीस ओळींचा पडदा म्हणजे ४००० बाइट. त्या पत्त्यावर बाइट लिहिला की अक्षर तत्काळ दिसे. कर्सर नेण्याचा क्रम नको, खर्चाचा हिशेब नको, पुसण्यासाठी उसंत नको. कर्सेसचे रहस्य बाइट वाचवण्यात असते, तर डॉसवर तिची गरजच पडली नसती. प्रत्यक्षात ब्योर्न लार्सनने पीसीकर्सेस लिहिली, आणि मार्क हेसलिंगने ती पुढे नेऊन पीडीकर्सेस म्हणून डॉस, ओएस/२, विंडोज आणि एक्स-विंडो अशा सगळ्या ठिकाणी पोहोचवली. बाहेरचे करार तेच राहिले, आतले सर्व बदलले. युनिक्सवर लिहिलेला प्रोग्रॅम कल्पित पडद्यावर लिहीत होता, आणि तो कल्पित पडदा व्हिडिओ स्मृतीत उतरवणे हे युनिक्सपेक्षा सोपे काम होते. एक्स-विंडोच्या आवृत्तीत तर प्रोग्रॅम टर्मिनलशिवाय आपली स्वतंत्र खिडकी उघडतो, आणि त्याच्या कोडमध्ये त्यासाठी पडद्याची एकही ओळ बदलावी लागत नाही. या कराराचे पालन किती निष्ठेने झाले याचा एक छोटा पुरावा आहे. तारेचा वेग सांगणारे बॉडरेट हे फंक्शन युनिक्सवरच्या कर्सेसमध्ये होते. पीडीकर्सेसमध्ये तार नाही, वेगही नाही. तरी ते फंक्शन आहे, आणि विचारणाऱ्याला ते पूर्णांकात मावेल तेवढा मोठ्यात मोठा आकडा देते. वेग अमर्याद आहे असे समज, एवढाच त्याचा अर्थ. मंद तारेसाठी केलेली तरतूद तार गेल्यावर आपोआप गळून पडली, पण त्या तरतुदीमुळे प्रोग्रॅमला जे अज्ञान लाभले होते ते कामी आले.

याच्या उलट उदाहरण बोरलंडच्या टर्बो व्हिजनचे आहे. १९९० साली टर्बो पास्कल ६ बरोबर ते आले, आणि पाठोपाठ सी++ मध्येही. टर्बो पास्कल किंवा टर्बो सी++ वर शिकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना त्याचे रूप डोळे मिटूनही आठवेल: निळ्या पार्श्वभूमीवर दुहेरी रेघांच्या चौकटीतली खिडकी, वर करड्या पट्टीत मेनू, खाली कळांची यादी, एकमेकींवर सरकणाऱ्या खिडक्या, माउस, संवादचौकटी. कर्सेसपाशी यांतले जवळजवळ काहीच नव्हते. कर्सेस घरांचा पडदा देई, टर्बो व्हिजन पूर्ण बांधलेले घर देई. लायब्ररी म्हणून मोजायचे तर टर्बो व्हिजन कितीतरी पुढचे होते, आणि त्याच्या रचनेचे कौतुक करायला मला संकोच वाटत नाही. पण ते पीसीच्या पायावर उभे होते आणि पीसीच्या सवयी त्यात जागोजाग मुरलेल्या होत्या. पडद्याच्या घराचे दोन बाइट, त्यांतला एक रंगाचा, ही पीसीची मांडणी त्याच्या आतल्या अंगातही तशीच होती. चौकटीच्या रेघा म्हणजे आयबीएमच्या ४३७ क्रमांकाच्या कोडपानातले ठरावीक बाइट. आणि सगळ्यांत खोल रुजला होता कीबोर्ड.

कीबोर्डाचे प्रकरण नीट पाहिले पाहिजे, कारण टर्बो व्हिजन दुसरीकडे नेणारे इथेच अडकले. पीसीवर प्रत्येक कळ दाबल्याची आणि सोडल्याची वर्दी संगणकाला मिळते. शिफ्ट, कंट्रोल किंवा ऑल्ट या क्षणी दाबलेली आहे का, हे स्मृतीतला एक ठरावीक बाइट वाचून कळते. म्हणून टर्बो व्हिजनच्या संपादकात शिफ्ट दाबून बाणाने मजकूर निवडणे, शिफ्ट-डिलीटने कापणे, शिफ्ट-इन्सर्टने चिकटवणे, ऑल्ट-एफने फाइलचा मेनू उघडणे या गोष्टी गृहीत होत्या. युनिक्सच्या टर्मिनलकडून यांतले काहीच येत नाही. येतात ते फक्त बाइट. वरचा बाण दाबला की व्हीटी-१०० च्या वळणाचे टर्मिनल एस्केप, चौकोनी कंस आणि ए असे तीन बाइट पाठवते. शिफ्ट एकटी दाबली तर काहीच पाठवत नाही. शिफ्टसह बाण दाबला तर काय पाठवायचे, याबद्दल टर्मिनलांत दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती; काही टर्मिनले साधा बाणच पाठवत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हौशी लोकांनी टर्बो व्हिजन लिनक्स आणि फ्रीबीएसडीवर आणले तेव्हा लिनक्सच्या स्वतःच्या कन्सोलवर शिफ्टची स्थिती विचारण्याची सोय होती, तिचा आधार घेता आला. दूरच्या टर्मिनलवर तोही आधार नव्हता. आणि पडद्याचे काय केले? युनिक्सवरच्या त्या आवृत्तीने पडद्यासाठी कर्सेसचाच, म्हणजे तिच्या मुक्त रूपाचा, पाया घेतला. जास्त देणारी लायब्ररी कमी देणारीच्या खांद्यावर बसून नव्या मुलखात आली.

टर्बो व्हिजन आजही जिवंत आहे, त्याची युनिकोड जाणणारी आधुनिक आवृत्ती लिनक्सवर आणि विंडोजवर चालते, मग ते रखडले असे कसे म्हणता, असा आक्षेप इथे कुणी घेईल. ती आवृत्ती आहे, आणि उत्तम आहे. पण ती आली मूळ लायब्ररीनंतर तीन दशकांनी, आणि दरम्यान टर्मिनलेच बदलली होती: शिफ्ट-बाणाचे क्रम बऱ्यापैकी एकसारखे झाले, माउसच्या हालचाली कळवण्याची पद्धत रुळली, चौकटीच्या रेघांना युनिकोडमध्ये कायमची जागा मिळाली. टर्मिनले पीसीसारखी होईपर्यंत टर्बो व्हिजनला वाट पाहावी लागली. कर्सेसला कुणाची वाट पाहावी लागली नाही.

रेघांचेच पाहा. व्हीटी-१०० मध्ये चौकटी काढायला दुसरा अक्षरसंच होता. विशिष्ट क्रम पाठवून तो चालू केला की छोट्या लिपीतल्या एलच्या जागी डावा वरचा कोपरा, केच्या जागी उजवा वरचा, क्यूच्या जागी आडवी रेघ आणि एक्सच्या जागी उभी रेघ दिसे. पीसीवर त्याच रेघा १७९ ते २१८ या क्रमांकांत विखुरलेल्या होत्या. युनिकोडने त्यांना आणखी तिसरी जागा दिली. ज्या प्रोग्रॅममध्ये थेट ४३७ चे बाइट लिहिलेले होते, तो युनिक्सवर आला की चौकटीच्या जागी परक्या भाषांची स्वराघात लावलेली अक्षरे सांडत. कर्सेसमध्ये प्रत्येक रेघेला आणि कोपऱ्याला स्वतःचे नाव होते, आणि नावाचे बाइट कोणते हे नोंदवही सांगे. नोंद चुकली की पडद्यावर चौकटीऐवजी एल-क्यू-क्यू-क्यू-के अशी अक्षरांची ओळ दिसे. दूरच्या सर्व्हरवर काम करणाऱ्या अनेकांनी ती पाहिलेली आहे. पण अशी चूक बाहेरूनच, नोंद बदलून, दुरुस्त होत असे, आणि प्रोग्रॅमला धक्का लागत नसे.

ही नोंदवही पुढे बदलली, ते थोडक्यात. टर्मकॅपची एकच लांबलचक फाइल शोधत बसणे मंद होते. बर्कलीत व्हीआयवर काम करून बेल लॅब्जमध्ये गेलेल्या मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी टर्मइन्फो तयार केले: प्रत्येक टर्मिनलची वेगळी, आधीच संकलित केलेली फाइल, आणि क्रमांतले आकडे घडवायला एक छोटी गणिती भाषा. १९८४ च्या सिस्टीम व्ही रिलीज २ मध्ये ती व्यवस्था आणि वाढवलेली कर्सेस एकत्र आली. पण ती एटी अँड टीची मालमत्ता होती. म्हणून पॅव्हेल कर्टिसने १९८२ च्या सुमारास लिहिलेल्या मुक्त नकलेवरून झेद बेन-हलीम यांनी एन-कर्सेस उभी केली, एरिक रेमंड यांनी तिच्यात भर घातली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून थॉमस डिकी ती सांभाळत आहेत. १९९५ च्या जूनमध्ये बर्कलीच्या मूळ कर्सेसच्या राखणदारानेच ती कालबाह्य झाल्याचे सांगून एन-कर्सेसकडे वळण्याचा सल्ला दिला. नेटबीएसडीने तो मानला नाही आणि आपली जुनी कर्सेस वाढवत नेली. प्रोग्रॅम दोन्हींवर चालत राहिले.

सगळ्यांत वजनदार आक्षेप प्रमाणीकरणाचा आहे. १९७९ सालीच अमेरिकेत टर्मिनलांच्या आज्ञांचे प्रमाण ठरले होते, व्हीटी-१०० त्याच वळणाचे होते आणि बाजाराने व्हीटी-१०० लाच आदर्श मानले. मग सरळ त्याचे क्रम लिहिले असते तर एवढ्या नोंदवह्या आणि लायब्ररी कशाला लागल्या असत्या? आज पुष्कळ नवे प्रोग्रॅम खरोखरच तसे करतात, आणि बहुतांश वेळा त्यांचे निभावते. पण प्रमाणाने सोडलेल्या जागा पाहिल्या की चित्र बदलते. बॅकस्पेस दाबल्यावर ८ क्रमांकाचा बाइट जावा की १२७, यावर युनिक्सवाल्यांची वर्षे गेली. रंगीत पार्श्वभूमीवर ओळ पुसली की पुसलेली जागा त्या रंगाने भरावी की मूळच्या काळ्याने, याचे उत्तर लिनक्स कन्सोल एक देते आणि दुसरी टर्मिनले दुसरे. आणि सगळ्यांत मोठी ऑपरेटिंग सिस्टीम या प्रमाणाच्या बाहेरच होती. विंडोज एनटीच्या कन्सोलला घरांची आयती मांडणी द्यावी लागे, अगदी पीसीच्या स्मृतीसारखी. एस्केपचे क्रम तिथे समजू लागले ते विंडोज १० मध्ये, २०१६ च्या सुमारास, आणि खऱ्या अर्थाने टर्मिनलसारखी नळी आली २०१८ साली. प्रमाण ठरल्यापासून तोवर जवळपास चाळीस वर्षे लोटली होती. त्या काळात ज्यांनी व्हीटी-१०० चे क्रम थेट लिहिले त्यांचे प्रोग्रॅम विंडोजवर गेले नाहीत, आणि कर्सेसवर लिहिलेले पीडीकर्सेसच्या आधाराने गेले. प्रमाण शेवटी जिंकले हे खरे, पण मधल्या चाळीस वर्षांत प्रोग्रॅम चालवायचे होते.

अज्ञानाची किंमत मात्र मोजावी लागली, हे मान्य केलेच पाहिजे. एस्केपची कळ दाबली की एकच बाइट येतो, आणि बाणाच्या कळीची सुरुवातही त्याच बाइटाने होते. प्रोग्रॅमला आणि लायब्ररीला कीबोर्ड दिसत नसल्यामुळे पुढे आणखी काही येते का म्हणून थांबून पाहण्यावाचून मार्ग उरत नाही. एन-कर्सेस मुळात एक पूर्ण सेकंद थांबते. एस्केप दाबून मेनू बंद करणाऱ्याला तो सेकंद जाणवतो. पीसीवर ही अडचण कधी नव्हतीच. पडद्याच्या बाबतीत कर्सेसने दिलेले वचन भक्कम होते. कीबोर्डच्या बाबतीत तिने खरे तर वचनच दिले नाही, टर्मिनल जे पाठवील ते घेतले. माझ्या मते हा तिचा मोठा दोष आहे, आणि माझ्या म्हणण्याला तो पुष्टीच देतो: फरक जिथे नोंदवहीत नीट उतरवता आला नाही तिथेच स्थलांतर खरडत झाले.

हा इतिहास मराठी वाचकाच्या अगदी दाराशी येतो तो पुण्यात. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेले जिस्ट हे तंत्रज्ञान १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. पीसीत जिस्टचे कार्ड बसवले की डॉसवरचे, फक्त इंग्रजी गृहीत धरून लिहिलेले प्रोग्रॅम पडद्यावर देवनागरी दाखवू लागत. डीबेस या माहिती साठवण्याच्या प्रोग्रॅममध्ये मराठी नावे भरता येत, आणि डीबेसला त्याची गंधवार्ता नसे. अक्षरे जोडण्याचे, वेलांट्या आणि रफार बसवण्याचे सर्व काम कार्ड करी. प्रोग्रॅमला यंत्राची ओळख न देण्याचे तेच तत्त्व, वेगळ्या वाटेने पोहोचलेले. आणि अडचणही ओळखीचीच आली. १९९१ च्या इस्की प्रमाणात भारतीय अक्षरांचे क्रमांक १६१ पासून वर होते, आणि पीसीच्या चौकटीच्या रेघाही त्याच पट्ट्यात बसलेल्या होत्या. एकच बाइट एका प्रोग्रॅमला व्यंजन वाटे आणि दुसऱ्याला रेघ. म्हणून रेघांच्या जागा मोकळ्या ठेवून अक्षरे दोन भागांत विभागणारे पीसी-इस्की हे वेगळे रूप प्रमाणात द्यावे लागले.

रेघा आणि अक्षरे वेगळी ठेवण्याचे ते काम युनिकोडने सोपे केले, पण घरांच्या पडद्यावर देवनागरीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कर्सेस घरे मोजते, आणि कोणते अक्षर किती घरे घेते हे तिला एका तक्त्यातून कळते. त्या तक्त्यांच्या रूढ हिशेबात हलन्ताला शून्य घरे, व्यंजनाला एक, उकाराला शून्य, पण काना आणि वेलांटी यांना प्रत्येकी एक. त्या हिशेबाने 'स्त्री' हा एकाक्षरी शब्द चार घरांचा होतो. तो कोरणारा फॉन्ट मात्र त्याचे एकच जोडाक्षर बनवतो, आणि ते किती घरांत बसवायचे हे प्रत्येक टर्मिनल आपल्या मनाने ठरवते. एन-कर्सेसच्या एका घरात फार तर पाच युनिकोड चिन्हे मावतात. 'स्त्री'ला सहा लागतात. परिणाम असा की कर्सेसवर चालणाऱ्या कुठल्याही यादीत मराठी नाव आले की अनेकदा त्या ओळीची उजवी चौकट सरकते, कर्सर एका जागी दिसतो आणि अक्षर दुसरीकडे पुसले जाते.

१९७८ साली टर्मकॅपमध्ये नोंदी लिहिणारे लोक टर्मिनल बनवणारे नव्हते, ते वापरणारे होते. आपल्या यंत्राची खोड त्यांना ठाऊक होती आणि ती त्यांनी लिहून पाठवली. कुठल्या जोडाक्षराला किती घरे लागावीत, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी कुठल्या घराची मानावी, याची मराठीपुरती यादी आपल्याशिवाय दुसरे कुणी करणार नाही. एन-कर्सेस, पीडीकर्सेस आणि बहुतेक टर्मिनले यांचा कोड खुला आहे, आणि त्यांचे राखणदार चुकांच्या नोंदी घेतात. मराठीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आपल्या टर्मिनलवर 'स्त्री', 'कर्तव्य', 'ज्ञानेश्वर', 'वऱ्हाड' हे शब्द एका चौकटीत लिहून पाहावेत, रेघ कुठे मोडते ते टिपावे आणि ती टिपणे त्यांच्याकडे पाठवावीत.